गाण्याच्या झाडावरचं नाव

तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. जे ओळखतात त्यांच्यातल्या एकालाही हे ठाऊक नाही. नवऱ्यापासून लपवलं, ते गेले. बहिणीला सांगितलं असतं तर 'एवढंच ना?' म्हणून तिने भाजीचा विषय काढला असता. आणि तसं पाहिलं तर एवढंच आहे. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर बुडालं नाही. मग दुपारी जेवून आडवी झाले की हेच का उशाशी येऊन बसतं?

मी पेणला राहते. एकटी. रोह्याच्या एका कॉलेजात संगीत शिकवायची, आता निवृत्त आहे. गाणं आणि तबला शिकवायला दुसरे होते, माझ्या वाट्याला आला होता इतिहास. संगीताचा इतिहास म्हटलं की चांगली गाणारी मुलंसुद्धा माना टाकतात. दुपारचा तास, अंगाला चिकटणारी हवा, आणि मी सांगतेय — अमुक ग्रंथ, तमुक ग्रंथकार, शतक अमुक. मुलं उतरवून घ्यायची. एकाने पेपरात तेराव्या शतकातल्या पंडिताला सरळ रेडिओवर गायला बसवला होता. स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरून हसलो. घरी येताना गाडीत मात्र वाटलं, त्या पोराचं काय चुकलं? त्याला तेरावं शतकही तेवढंच लांब आणि रेडिओही तेवढाच लांब.

मग एका जुलैत मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, आयुष्यातलं पहिलं गाणं तुम्ही कुणाच्या तोंडून ऐकलंत? वर्ग आधी लाजला, मग सुटला. रोह्याच्या एका मुलाचे वडील कतारला. त्यांनी फोनवर म्हटलेली नात, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं गाणं, मागे एसीची घरघर. कासू गावच्या एका मुलीची आत्या, गौरीपुढे नाचताना गाणारी. नागोठण्याच्या एकाने कंपनीची शिफ्टची बस सांगितली — चुलता ड्रायव्हर, कॅसेटी त्याच्या. मी म्हटलं, छान. आता फळ्याच्या तळाशी स्वतःचं नाव लिहा. त्याच्या वर, ज्याच्याकडून घेतलंत त्याचं. त्याच्या वर, त्याने ज्याच्याकडून घेतलं त्याचं. जमेल तितकं वर चढा. तिसऱ्या-चौथ्या फांदीला कुणी नाटक कंपनीतला पेटीवाला लागायचा, कुणी पलटणीच्या बँडमधला, कुणी भजनीबुवा. तिथून मी पुस्तकातला इतिहास अलगद खाली ओढून आणायची. मुलं त्याला 'गाण्याचं झाड' म्हणायला लागली.

पद्धतीचं नाव झालं. दुसऱ्या कॉलेजांतले मास्तर येऊन वर्गात बसू लागले, मला भाषणांना बोलावणी यायला लागली. भाषणाचं शेवटचं वाक्य ठरलेलं — इतिहासात लहान कुणी नसतं. टाळ्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच कुणी करून ठेवली असावी.

कारण दर वर्षी पहिलं झाड माझं असायचं. मुलांची भीड मोडावी म्हणून मीच आधी काढायची. तळाशी मी. माझ्या वर पुण्याचे एक बुवा — त्यांचं नाव इथे घेत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. त्यांच्या वर त्यांचे गुरू, आणि तिथून चढत चढत थेट घराण्याच्या मूळपुरुषापर्यंत. फळा भरून जायचा. मुलं गप्प होऊन बघायची. आपल्या समोरची ही पेणहून येणारी बाई एवढ्या मोठ्या झाडाला लागलेली आहे, हे त्यांना त्या दिवशी कळायचं.

त्या झाडातला माझ्या लगेच वरचा दांडा खोटा होता. खोटा म्हणजे — थांबा, नीट सांगते. इथपर्यंत आले की माझी जीभ दर वेळी वळणं घ्यायला लागते.

मला गाणं शिकवलं नलूताईंनी. पेणलाच, गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत, एका कारखान्याच्या मागच्या खोलीत. शाळकरी होते तेव्हापासून कॉलेज संपेपर्यंत त्यांच्याकडे जात होते. आषाढ लागला की कारखान्याचा मालक जागा पुरत नाही म्हणून त्यांच्या खोलीतही मूर्ती वाळत ठेवायचा. आम्ही पोरी त्या मूर्तींच्या रांगांत जागा करून बसायचो आणि डोळे काढायचे राहिलेल्या गणपतींसमोर यमन घोटायचो. पेटीच्या पट्ट्यांवर पांढरी भुकटी असायची, घरी गेल्यावर आई विचारायची, गायला गेली होतीस की पीठ दळायला?

नलूताई तरुणपणी ऑर्केस्ट्रात गायच्या. सार्वजनिक गणपती, सत्यनारायण, लग्नं — रात्र रात्र स्टेजवर. त्यात आवाज बसला, नवऱ्याने संबंध तोडले, आणि त्या शिकवण्या घ्यायला लागल्या. दात मशेरीने काळे. हसायच्या मोठ्याने. त्यांचं स्वतःचं शिक्षण नाटक कंपनी मोडल्यावर पेणला येऊन राहिलेल्या एका म्हाताऱ्या पेटीवाल्याकडे झालेलं. हातात एकही सर्टिफिकेट नाही, पण परीक्षेला बसवलेली पोरगी नापास होऊन परत आली नाही. चुकलं असं त्या कधी म्हणायच्या नाहीत. पेटीच्या भात्यावरचा हात थांबवायच्या. सूर बंद पडला की आपलं आपल्याला कळायचं, आणि मग परत पहिल्यापासून.

गल्लीतल्या बायका त्यांच्याबद्दल काय बोलायच्या ते तुम्हाला सांगायला नको. आई मला पाठवायची, पण शेजारी विचारलं तर शिवणाच्या क्लासला जाते म्हणायची. म्हणजे नलूताईंचं नाव लपवायचं शिक्षण मला घरातूनच मिळालं होतं — बघा, लागले ना मी आईच्या माथी मारायला. आईने शेजारणीपासून लपवलं. पुढचं सगळं माझं आहे.

कॉलेजच्या मुलाखतीला गेले तेव्हा समोर प्राचार्य होते आणि मुंबईहून आलेले एक वयस्कर तज्ज्ञ. त्यांनी विचारलं, तालीम कुणाची? मी सुरुवात केली की पुण्याला बुवांच्या… मला पुढे 'शिबिराला गेले होते' असं म्हणायचं होतं. देवाशपथ तेच म्हणायचं होतं. आठवडाभराचं शिबीर, मोठा हॉल, मी शेवटच्या रांगेत. बुवा माझ्याशी एकदाच बोलले होते — ती खिडकी लावा. पण बुवांचं नाव ऐकताच तज्ज्ञांनी डोळे मिटले आणि कानाच्या पाळीला हात लावला. गुरूचं किंवा मोठ्या गवयाचं नाव आलं की तसा हात लावायची आपल्याकडे रीत आहे. त्यांचं बघून प्राचार्यांनी लावला, त्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नसताना. आणि माझाही हात गेला. वाक्य तिथेच राहिलं. 'वा, मग प्रश्नच नाही,' तज्ज्ञ म्हणाले आणि फाइल मिटली.

तोंडाने मी खोटं बोललेच नाही, ही माझी कितीतरी वर्षांची वकिली. पण तोंड उघडून खरं बोलायला मला कुणी अडवलं होतं?

नोकरी लागल्याचे पेढे घेऊन नलूताईंकडे गेले. त्यांना इतका आनंद झाला की मशेरीचा हात पदराला पुसून त्यांनी माझा गालगुच्चा घेतला. मग जरा थांबून विचारलं, 'काय गो, इचारलं का त्यांनी, कुणाकडं शिकलीस म्हणून?'

मी म्हणाले, 'नाही विचारलं.'

त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, बरं झालं, कशाला उगीच. त्या दिवसानंतर माझं तिकडे जाणं कमी होत गेलं. बुवा पुढे लवकरच वारले. शिष्य त्यांचे भरपूर, त्यात एक जास्त की कमी कोण मोजणार?

एवढंच असतं तर मी आज तुम्हाला सांगत बसले नसते. अशी खोटी वंशावळ लावणारे आमच्या क्षेत्रात पुष्कळ आहेत, त्यात मी एक. पण पुढे सुगंधा आली.

सुगंधा पेणजवळच्या गडब गावची. घरची भातशेती, आई गावच्या भजनी मंडळात. आवाज मोकळा, उच्चार गावचे, आणि सुराला इतकी पक्की की मी पहिल्याच आठवड्यात विचारात पडले — ही कुणाच्या हाताखालून गेली आहे? मला कळायला हवं होतं. चूक झाली की ती गाता गाता थांबायची आणि कुणी न सांगता पहिल्यापासून सुरू करायची. ही सवय मला ओळखीची होती. मी ओळख दाखवली नाही, स्वतःलाही नाही.

त्या वर्षी कॉलेजात पाहणीसाठी समिती यायची होती. वर्ग दाखवायचा तर माझाच, आणि माझ्या वर्गात दाखवायचं तर झाडच. समितीतले दोन गृहस्थ मागच्या बाकावर येऊन बसले, शेजारी प्राचार्य. फळ्याच्या अर्ध्या भागावर माझं झाड मी काढून ठेवलं होतं, बुवांसकट. दुसऱ्या अर्ध्यावर सुगंधाने काढायचं होतं. तिने तळाशी नाव लिहिलं — सुगंधा. आणि त्याच्या वर ठळक अक्षरात — नलूताई, पेण.

  सुगंधा खडू हातात धरून वळली आणि तोंडभर हसून म्हणाली, 'मॅडम, तुम्ही पेणच्याच ना? म्हंजे तुम्हाला ठावूक असतील नलूताई.'

तिच्या मनात काही नव्हतं. पेणची बाई आपल्या गुरूला ओळखत असेल, एवढाच तिचा आनंद. मी काय म्हणू शकले असते बघा. म्हणू शकले असते, हो, मीही त्यांच्याकडेच शिकले. वर्गाने टाळ्या वाजवल्या असत्या. समितीला तर असली गोष्ट हवीच असते. माझी पद्धत खरी ठरली असती, पहिल्यांदाच. माझ्या झाडातले बुवा तेवढे पडले असते. पडू द्यायला हवे होते.

मी म्हणाले, 'नाव ऐकलंय. ऑर्केस्ट्रात गायची ती बाई. सुगंधा, इतिहासात तालीम धरतात, शिकवणी नाही.'

आणि डस्टर घेऊन मी ते नाव पुसलं. मीच पुसलं, तिला पुसायला लावलं नाही. तिथे लिहायला सांगितलं — आई, भजनी मंडळ. सुगंधाने लिहिलं. तिचं अक्षर एरवी मोठं असायचं, ते बारीक आलं. मागच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी मान डोलावली. नंतर चहाच्या वेळी ते मला म्हणाले, तुमच्या पद्धतीत नुसतं कौतुक नाही, चिकित्साही आहे, हे मला आवडलं. मी आभार मानले. बिस्कीटही खाल्लं.

तुम्ही कधी असं केलं आहे का, की ज्याचं खाल्लं त्याचंच नाव पुसलं आणि वर स्वतःचं कौतुक करून घेतलं? केलं नसेल तर तुम्हाला सांगते, त्या वेळी फार काही वाटत नाही. निभावलं एवढंच वाटतं.

पुढच्या आठवड्यात सुगंधा तासानंतर थांबली. मला वाटलं रडणार. पण ती उलट समजूत पटल्यासारखी दिसत होती. म्हणाली, मी नलूताईंना सांगितलं तुमच्या वर्गातलं. माझ्या हातातली पिशवी घट्ट धरून मी विचारलं, काय म्हणाल्या?

'म्हणाल्या, मॅडमचं बरोबर हाय. माझं नाव नको टाकूस तू, मॅडमचं टाक. त्यांच्यामागं मोठं घराणं हाय.'

मी विचारलं, आणखी काही म्हणाल्या का. सुगंधाने आठवून पाहिलं. नाय, म्हणाली. थोडं हसल्या. आणि मला यमन परत पहिल्यापासून गायला लावला.

म्हणजे त्यांनी तिला सांगितलं नाही. एक वाक्य पुरे होतं — तुझी मॅडम याच खोलीत, याच पेटीवर शिकली. त्यांनी ते वाक्य गिळलं आणि आपली पोरगी उचलून माझ्या झाडाला लावून दिली. का? माया म्हणून, की राग म्हणून, की आता काय करायचंय म्हणून? मी कितीदा विचार केला. खरं म्हणजे विचार करायची गरजच नव्हती. त्या पेणलाच होत्या, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. जाऊन विचारता आलं असतं. मी काय केलं, तर स्टेशनला जायचा रस्ता बदलला. कारखान्यांची गल्ली टाळून मोठ्या रस्त्याने वळसा घालून जायला लागले. नवऱ्याने विचारलं तर म्हणाले, पाय मोकळे होतात.

असं चालत चालत वर्षं गेली. नलूताई आजारी असल्याचं कळलं, मी पाय मोकळे करत राहिले. त्या गेल्याचं कळलं तेव्हा मात्र निघाले. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. आत दारासमोर माणसं होती, त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी होत्या, आणि सुगंधा होती, रडून चेहरा सुजलेला. मी आत गेले असते तर तिने विचारलं असतं, मॅडम, तुम्ही इथे कशा? बरोबरच विचारलं असतं. मी कोपऱ्यावरच्या केळीवाल्याकडे वळले, भाव विचारला, केळी घेतली आणि घरी आले. ती केळी कुणी खाल्ली नाहीत.

मग नवरा गेला. मग मी निवृत्त झाले. घरात माणूस नाही, आणि गाणंही नाही. लोकांना वाटतं, संगीताची मास्तरीण, हिला एकटेपणा कसला, सूर आहेत सोबतीला. सूर लावायला बसते ना मी कधीकधी. पण मी जे गाते त्यातला प्रत्येक सूर नलूताईंनी लावून दिलेला, बुवांचा एकही नाही. तोंड उघडलं की त्या खोलीत. मग तोंड मिटते.

आता शेवटचं. हे सांगितलं नाही तर आधीचं सगळं सांगून काही उपयोग नाही.

सुगंधा आता त्याच कॉलेजात शिकवते. तासिकांवर आहे, कायम नाही, पण मुलं तिच्यावर जीव टाकतात. या जुलैत तिने फोन केला, मॅडम, मी इतिहास तुमच्याच पद्धतीने शिकवते, पहिल्या तासाला तुम्ही येऊन बसा ना. मी गेले. खूप दिवसांनी रोह्याची गाडी पकडली. मुलांनी उभं राहून नमस्कार केला, एका मुलीने गुलाब दिला. मला पुढे खुर्ची मांडली होती.

सुगंधाने मुलांची भीड मोडायला आधी स्वतःचं झाड काढलं. तळाशी सुगंधा. तिच्या वर माझं नाव, पूर्ण, आडनावासकट. माझ्या वर पुण्याचे बुवा, त्यांच्या वर त्यांचे गुरू, आणि तिथून थेट वर. तिला सगळं पाठ होतं. कुठेही अडखळली नाही. बाजूला एक लहान फांदी काढून तिने लिहिलं — आई, भजनी मंडळ. मुलं वह्यांत उतरवून घेत होती. पुढच्या वर्षी यांच्यातलं कुणी कुठे शिकवायला लागलं तर तेही हेच काढणार, आणि त्यांची मुलंही. नलूताईंना ओळखणाऱ्या त्या खोलीत आम्ही दोघीच होतो. एकीला त्यांनीच सांगितलं होतं, माझं नाव टाकू नकोस. दुसरी खुर्चीत बसली होती.

सुगंधाने हातातला खडू माझ्याकडे केला आणि विचारलं, 'मॅडम, काही राहिलं का?'

आता मला नोकरी जायची भीती नव्हती. समिती नव्हती, प्राचार्य नव्हते, शेजारी नव्हते, नवरा नव्हता. नलूताईसुद्धा नव्हत्या. लपवायला एकही कारण उरलेलं नव्हतं.

मी म्हणाले, 'नाही. सगळं आलं.'